पंढरीदादांचं सोलर

पंढरीदादांना चहा हवा की सरबत, असं कुणी विचारलं तर ते आधी मागे वळून बघतात. प्रश्न आपल्याला नसून मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी आहे, अशी त्यांची समजूत असावी. मग ओशाळं हसून म्हणतात, "काय बी." या 'काय बी'चा मला इतका राग येतो की एकदा मी त्यांच्यापुढे खरंच नुसत्या गरम पाण्याचा कप ठेवला. त्यांनी तो फुंकर मारत मारत प्यायला आणि "बरा झाला" म्हणून कप परत दिला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मी त्यांची भाडेकरू. कोपर स्टेशनच्या पश्चिमेला, गावठाणात त्यांचं घर आहे. तळमजल्यावर पंढरीदादा आणि तुळसावहिनी, पहिल्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ महिपत आणि त्यांचा परिवार, दुसऱ्यावर आम्ही भाडेकरू मंडळी. वर गच्ची, ती दोघा भावांची सामाईक. महिपतना अख्खी आळी 'भाऊ' म्हणते, म्हणून मीही म्हणते.

पंढरीदादांच्या आयुष्यातलं जे काही ठरलं ते भाऊंनी ठरवलं. वडील लवकर गेले, तेव्हा हे अर्ध्या चड्डीत होते. मिठागरावर जायचं हे भाऊंनी ठरवलं. मिठागर बंद पडल्यावर कोलशेतच्या एका कंपनीत चिकटवलं तेही त्यांनीच. खाडीकडची जमीन कधी विकायची, घर किती मजल्यांचं बांधायचं, मुलीचं नाव कल्पिता ठेवायचं, सगळं भाऊ. एवढंच काय, दादांच्या लग्नासाठी मुलगी पसंत करायला भाऊ आणि त्यांचे मामा गेले होते. पंढरीदादांनी बायको पाहिली ती अंतरपाट दूर झाल्यावर. भाऊ माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही लगेच त्यांच्या नावानं बोटं मोडायला लागाल. त्यांनी धाकट्याचं कधी वाकडं केलं नाही, फक्त त्याला कधी काही विचारलं नाही.

पण अंतरपाटामागून जी निघाली ती मात्र नशिबानं तुळसावहिनी निघाली. वहिनी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, पण धवलारीण धवला गायला बसल्याशिवाय लग्नाला लग्नपण येत नाही. देवाला बोलावणं, हळद, तेल, पाठवणी, प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं आणि ते तिला तोंडपाठ असावं लागतं. वहिनींना दिवा गावापासून कल्याणच्या कोळशेवाडीपर्यंत बोलावणी यायची. रात्र सरायची पण त्यांचा दम सरायचा नाही. घरातही तसंच. दादांच्या वाटचं बोलणं त्याच बोलायच्या. वाण्याशी, गॅसवाल्याशी, प्रसंगी भाऊंशीसुद्धा. दादा शेजारी उभे राहून मान हलवायचे आणि त्यांचा संसार त्या मान हलवण्यावर झकास चालला होता.

मग वहिनींची फुप्फुसं आखडायला लागली. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. आधी धवला अर्ध्यावर राहायला लागला, मग जिना चढणं राहिलं, मग वाक्यं. आता त्यांच्या कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं. ते दिवसरात्र घुरघुरतं आणि त्याची नळी वहिनींच्या नाकात असते. मशीन विजेवर चालतं. सगळं घोडं तिथे पेंड खातं.

कारण आमच्याकडे वीज जाते. उन्हाळ्यात तर केबल तापली म्हणून जाते, फांदी पडली म्हणून जाते, कुणी रस्ता खणला म्हणून जाते. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो मशीनला दोनेक तास ओढतो आणि मान टाकतो. मग कोपऱ्यातला सिलिंडर लावायचा आणि त्याच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा खाली येत असताना दादांचा चेहरा बघवत नाही.

कल्पिता, त्यांची एकुलती एक लेक, कोलशेतला मोठ्या टॉवरमध्ये राहते. तिथे वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो, दिवासुद्धा नीट विझत नाही. ती आली की एकच धोशा लावायची, "बाबा, आईला माझ्याकडे नेते. इथे एक दिवस काहीतरी होऊन बसेल." खरंच होतं तिचं. पण वहिनी ऐकायच्या नाहीत. थांबत थांबत, दोन शब्दांमध्ये श्वास घेत म्हणायच्या, "लेकीच्या घरान... पावनी म्हनून जावं... मरायला नाय जावं." कल्पिताच्या सासूसासऱ्यांचं घर ते. खोल्या दोन. तिथे वहिनींची कॉट कशीबशी मावली असती, दादा काही मावले नसते. हे तिघांनाही माहीत होतं आणि कुणी तोंडाने बोलत नव्हतं.

वहिनी या घरात राहणार की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. पंढरीदादांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवं होतं. ती इथे हवी होती.

समोरच्या बिल्डिंगवर सुदेश राणे म्हणून एकांनी सोलर लावलं, तेव्हा दादांच्या डोक्यात किडा शिरला. रोज दुपारी गच्चीत जाऊन ते पॅनल न्याहाळायचे. मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा स्वतःहून बोलले. हे मला इतकं नवीन होतं की हातातला चिमटा खाली पडला.

"योगिनीताई, ते उन्हावर चालतं ना?"

"हो."

"मंग आपल्याकरं ऊन काय कमी हाय? मिठागरान आमी उन्हावरच तर जगलो. पानी सोरायचं नि गप बसायचं, मीठ ऊन करायचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लाईट कुनी बंद करील. ऊन कोन बंद करनार?"

मला ते वाक्य फार आवडलं. विजेतलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे त्यात काही चूक असेल असं मनातही आलं नाही. मी म्हटलं, "लावा ना मग! तुमच्याच गच्चीवर तर लावायचंय."

"भावाला विचाराला लागंल."

"विचारा."

"तुमी विचारता?"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, नाही, हे तुमचं तुम्हीच विचारायचं. बायको तुमची आहे. मग मी त्यांना शाळेतल्या मुलासारखं एक वाक्य पाठ करून दिलं. 'भाऊ, लाईट गेल्यावर तुळसाचं मशीन बंद पडू नये म्हणून सोलर पाहिजे.' बस, एवढंच. त्यांनी ते चार वेळा म्हणून दाखवलं. चौथ्या वेळी 'पाहिजे' हा शब्द जरा जोरात आला, तेव्हा मला बरं वाटलं.

प्रत्यक्षात त्यांनी भाऊंपुढे 'सोलर' एवढाच शब्द काढला आणि बाकीचं भाऊंनी उचललं. भाऊंना कल्पना एकदम पसंत. सुदेश राणे बिल शून्य आल्याचं सगळीकडे सांगत होते, ते भाऊंना आधीपासून सलत होतंच. त्यांनी लगेच सोलरच्या कंपनीतला मयूर नावाचा मुलगा बोलावला आणि रविवारी सकाळी बैठक ठरवली.

त्यांच्या घरातली बैठक म्हणजे काय, हे सांगायला हवं. पुरुष ओटीवर बसतात. थोरला बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि ठरलं की थोरला अडकित्त्याने सुपारी फोडून प्रत्येकाच्या हातावर खांड ठेवतो. खांड तोंडात टाकली की होकार झाला. त्यावर मग कुणी शब्द काढायचा नाही. लग्नं अशीच ठरली, जमिनी अशाच गेल्या. भाडेकरूला अर्थातच तिथे जागा नाही. मी आत वहिनींच्या कॉटपाशी बसून होते आणि मधल्या दारातून सगळं ऐकू येत होतं.

भाऊंचा पहिला प्रश्न हळदीचा. त्यांच्या प्रफुल्लचं लग्न वैशाखात होतं आणि या घरातल्या प्रत्येक मुलाची हळद गच्चीवरच झालेली. "पाट्या टाकल्या तर मांडव कुठं घालायचा?" मयूर म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. उंच स्ट्रक्चर करू. वर पॅनल, खाली तुमचा मांडव. सावली पण फुकट." यावर ओटी खूश झाली. दुसरा प्रश्न बिलाचा. मयूरने सांगितलं की दिवसा जास्तीची वीज तारेतून बाहेर जाईल, तिचा हिशोब बिलात वळता होईल. भाऊ आणखी खूश.

मग मयूर म्हणाला, "हे ऑन-ग्रिड. बॅटरीवालं पण येतं, बॅकअपसाठी. हवंय का?"

भाऊ म्हणाले, "बॅटऱ्या कशाला आनखी? इन्व्हर्टर हाय खाली."

"ओके. पंढरीकाका, तुमचं काय?"

वहिनींनी माझं मनगट धरलं. त्यांनाही ते वाक्य माहीत होतं, दादांनी त्यांच्यासमोरच पाठ केलं होतं.  दादांनी घसा खाकरल्याचं ऐकू आलं. मी देवाशपथ सांगते, ते बोलणार होते.

"भाऊ बोल्ले तं बराबर हाय," दादा म्हणाले.

अडकित्ता वाजला. सुपारी फुटली.

नंतर मी त्यांना जिन्यात गाठून फैलावर घेतलं. "बोललात का नाही?" तर म्हणतात, "गरजच नाय परली, ताई. इन्व्हर्टर हाय, वर सोलर येतंय. ऊन इन्व्हर्टरला भरंल, इन्व्हर्टर मशीनला. भावाला सगलं समजतं." मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. छपरावर वीज तयार होते म्हटल्यावर ती छपराखालच्या माणसाला मिळणार नाही, असं कोणाच्या डोक्यात येईल?

चैत्रात पॅनल चढले. त्या दिवसांतले पंढरीदादा मी कधी पाहिले नव्हते. कामगारांना स्वतः पाणी नेऊन देत होते, पॅनलवर कावळा बसला तरी हुसकत होते. आळीतल्या ओळखीच्या-अनोळखी माणसांना सांगत होते, "तुलसासाठी लावलं." भाऊंनी लावलं असं नाही, 'लावलं'. वहिनींची खोली तळमजल्यावर, एकाच खिडकीची, आणि त्या खिडकीला शेजारच्या इमारतीची भिंत टेकलेली. त्यांना आकाश दिसत नाही. म्हणून दादा रोज वरून खाली येऊन त्यांना बातमी द्यायचे, "आज कडक परलंय." वहिनी हसायच्या. कल्पितानेही फोनवर हत्यार टाकलं. "सोलर लागतंय तर राहू दे आईला. पण बाबा, नक्की ना?" दादा म्हणाले, "नक्की." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

प्रफुल्लची हळद दणक्यात झाली. पॅनलच्या खालीच मांडव घातला. वहिनींना खुर्चीवर बसवून, सिलिंडरसकट, चौघांनी वर नेलं. धवला गायला दुसरी बाई बोलावली होती, पण पहिली ओळ वहिनींनीच म्हटली. अर्धीच निघाली. उरलेली त्या बाईने उचलली आणि वहिनी नुसते ओठ हलवत बसल्या. मला रडू आवरेना, मी हळद डोळ्यात गेली म्हणून सांगितलं. त्या दोन दिवसांत लाईट गेली की नाही, ते कुणाला कळलंही नाही. डीजेवाल्याने स्वतःचा भलामोठा जनरेटर आणला होता आणि अख्खं घर त्यावर चाललं होतं.

त्यानंतर आठवडाभरानं, भर वैशाखात, सकाळी अकराच्या सुमाराला वीज गेली.

पॅनल लागल्यापासून ती गेली तरी अर्ध्या-पाऊण तासात परत यायची, म्हणून सवयीनं कुणी फार हललं नाही. मशीन इन्व्हर्टरवर गेलं. मी सहज डोकावले तर दादा कॉटवर ऐटीत मांडी घालून बसले होते. "आता लाईट जाऊ दे कवराबी वेल," म्हणाले. पण जेवणवेळेच्या आसपास इन्व्हर्टरने टूं टूं करायला सुरुवात केली, तशी त्यांची मांडी सुटली. ते गच्चीत गेले. मागोमाग मीही गेले. वर ऊन असं की पायाला चटके बसत होते. पॅनल लखलखत होते. आणि भिंतीवरच्या सोलरच्या डब्यावर एक लाल दिवा लागलेला. बाकी सगळं थंड.

मी मयूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "मॅडम, लाईन गेली की हे पण बंदच होणार. ऑन-ग्रिड आहे ना."

"अरे, वर एवढं ऊन आहे!"

"ऊन असून काय, मॅडम? सेफ्टी असते. लाईन बंद करून खांबावर माणूस चढलेला असतो. तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत गेली तर तो मरेल. म्हणून ते आपोआप कट होतं. बॅटरीवालं घेतलं असतं तर घरापुरतं चाललं असतं. मी विचारलेलं तेव्हा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दादा मात्र सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बराबर हाय त्याचं. खांबावरचा पन कुनाचा तरी असंल." मला वाटलं, हा माणूस एकदा तरी चिडेल. एकदा तरी काहीतरी आपटेल. पण चिडायला कुणीतरी चुकलेलं लागतं आणि त्यांना कुणी सापडेना.

मी तशीच तरातरा भाऊंकडे गेले आणि सगळं सांगितलं. भाऊ जेवत होते, ते हात न धुता खाली आले. मला वाटलं होतं, उडवून लावतील. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अरे, मना वाटलं तुना बिलासाठी पायजे," ते दादांना म्हणाले. "तुलसासाठी पायजे होतं तर बोल्ला का नाय? बॅटऱ्या काय, अख्खं दुकान आनून दिलं असतं. बोल्ला का नाय, पंढरी?"

दादांनी नेहमीसारखं मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

भाऊंनी मग जंग जंग पछाडलं. जनरेटरसाठी पाच-सहा ठिकाणी फोन केले, पण लग्नसराई. सगळे जनरेटर कुठल्या ना कुठल्या हळदीला गेलेले. प्रफुल्ल दुसरा सिलिंडर आणायला मोटरसायकलवरून पळाला. वीजवाल्यांनी सांगितलं, केबल जळली आहे, संध्याकाळच्या आत काही होत नाही. मशीनची घुरघुर थांबली आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. दादांनी सिलिंडरची नळी लावली. काट्याकडे पाठ करून ते वहिनींच्या पायाशी बसले. मी वहिनींना पुठ्ठ्याने वारा घालत होते.

 मग वहिनींनी डोळे उघडून विचारलं, "ऊन... नाय का... भायेर?"

दादा म्हणाले, "नाय. ढग आलेत."

वैशाखातल्या भर दुपारी! माझा हात थांबला. एवढी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून धड एक वाक्य निघालं नव्हतं, त्याने इतकं सरळ, इतकं शांतपणे खोटं सांगितलं की मी क्षणभर खिडकीकडे बघितलं. खिडकीत भिंत होती.

"मंग... जातील," वहिनी म्हणाल्या आणि डोळे मिटले.

दादा उठले. कोपऱ्यात जाऊन त्यांनी फोन काढला, चष्मा शोधला आणि नंबर लावला. भाऊ ओटीवरच बसले होते, पण दादांनी त्यांना विचारलं नाही. मला विचारलं नाही. वहिनींनाही नाही.

"कल्पिता, गारी घेऊन ये," ते म्हणाले. "आयेला ने." पलीकडून ती काहीतरी विचारत असावी. "नाय, इकरं नाय व्हनार. मी ठरवलंय."

आयुष्यात त्यांनी एकट्याने ठरवलेली ही एकच गोष्ट मी पाहिली. ती पाहायला मिळाली नसती तर बरं झालं असतं.

कल्पिता आणि जावई ठाण्याच्या गर्दीतून वाट काढत आले, तोवर प्रफुल्लचा सिलिंडरही आला होता. मी वहिनींची पिशवी भरली. दोन पातळं, औषधं, फणी, कुंकवाची डबी. वहिनींनी विरोध केला नाही, विरोधाला लागणारा दम त्यांच्यात नव्हता. खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना उचललं. पुढे भाऊ होते, सत्तरीच्या माणसाला नको म्हटलं तरी त्यांनी खुर्ची सोडली नाही. दादा नळी सांभाळत शेजारून चालत होते.

ओटी ओलांडून अंगणात आल्यावर ऊन एकदम अंगावर आलं. वहिनींनी डोळे बारीक केले. मग मान वर करून गच्चीकडे बघितलं. पॅनल झळझळत होते, त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. आकाशात औषधालाही ढग नव्हता. कल्पिता गाडीचं दार उघडून थांबली होती. दादा खाली बघत होते, नळीला पीळ नव्हता तरी ती सरळ करत होते.

वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ढग गेलं वाटतं," त्या म्हणाल्या, एका दमात, मध्ये कुठेही न थांबता.

दादांनी नेहमीसारखी मान हलवली आणि नळी धरून गाडीपर्यंत गेले.